उन्हात ठेवलेली हलगी

"हवालदारसाहेब, सोडू नगा. पण तेवढी उन्हात तरी ठिवा."

तुळशीराम आवळे ठाण्याच्या पायरीपाशी उकिडवा बसला होता. सकाळी मी ड्यूटीवर आलो तेव्हापासून त्याचं हे एकच मागणं. त्याची हलगी, त्याच्या भावाचं ढोलासारखं गळ्यात अडकवायचं घुमकं आणि झांजेसारखं कैताळ आमच्या नव्या फौजदारांनी आदल्या रात्री जप्त केलं होतं. आता ते सगळं मुद्देमालाच्या खोलीत होतं. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात पकडून आणलेल्या वस्तू, आणि त्या खोलीचा कारकून मी. आत चोरीच्या सायकली, गावठी दारूचे कॅन, एक शिवणयंत्र, आणि त्यांच्या पंगतीला ही हलगी. भाद्रपदाचे दिवस. खोलीला खिडकी नाही, भिंतींना ओल. कातडं ओल धरतं, सैल पडतं, मग त्याला बुरशी येते, असं तो मला सांगत होता आणि सांगताना हवेतच कातडं चाचपून दाखवत होता.

"कोर्टातनं सुटायला लई दिस लागत्यात म्हणं," तो म्हणाला. "तवर मरंल वो ती."

दवाखान्यात ठेवलेल्या आपल्या माणसाची चौकशी करावी, तसा त्याचा सूर होता. मी खोली उघडली. हलगी, घुमकं, कैताळ बाहेर आणलं आणि ठाण्याच्या मैदानात झेंड्याच्या कट्ट्याशेजारी, स्वच्छ उन्हात पोत्यावर मांडून ठेवलं. शेजारी खुर्ची टाकून मी स्वतः बसलो. मुद्देमाल माझ्या नजरेसमोर होता, म्हणजे नियम काही मोडला नव्हता. आवळे कुंपणाच्या पलीकडे जाऊन बसला. तिथून त्याला ती दिसत होती, तेवढ्यावर तो खूश.

सांगायचं राहिलं. तो अनंत चतुर्दशीच्या नंतरचा दिवस. सगळ्या गावाचे गणपती चतुर्दशीला जातात, पण पोलीस ठाण्याचा गणपती त्या दिवशी हलत नाही. आम्ही सगळे दुसऱ्यांच्या गणपतींच्या मागे काठ्या घेऊन उभे असतो. म्हणून आमचा गणपती दुसऱ्या दिवशी दुपारी निघतो. आदल्या दिवशी आम्ही दोरी धरून लोकांना नाचताना बघायचं, दुसऱ्या दिवशी लोकांनी आम्हाला बघायचं. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे गुलालात. पोलीस लाईनीतली बायकापोरं मागून आरत्या घेऊन येतात.

आणि त्या वर्षी आमच्या गणपतीपुढे वाजवायची सुपारी दिली होती तुळशीराम आवळेला. ती मीच दिली होती.

सकाळी मोठ्या साहेबांना, म्हणजे आमच्या इन्स्पेक्टरना, हे कळलं तेव्हा ते केबिनमध्ये बराच वेळ नुसते हसत होते. मग त्यांनी फौजदारांना बोलावलं आणि म्हणाले, "बोरकुटे, गावातला एवढा एकच वाजवणारा आज मोकळा होता. तो आपला होता. तुम्ही आपलीच सुपारी जप्त करून आणलीत."

फौजदार बोरकुटे सावधान उभे राहून म्हणाले, "सर, वेळ संपून गेली होती."

त्यांचंही खोटं नव्हतं. बोरकुटे चंद्रपूरकडचे, पहिलीच नेमणूक, येऊन महिना-दोन महिने झालेले. कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याचा चहा घेतला की पैसे पाठवायचे. पोलिसांकडून पैसे घ्यायची सवय नसल्यामुळे टपरीवाला घाबरून ते परत आणून द्यायचा. साहेब पुन्हा पाठवायचे. आठवडाभर हा खेळ चालला आणि शेवटी टपरीवाला शरण आला. असा माणूस. आदल्या रात्री बाजारपेठेतल्या मंडळाची मिरवणूक वेळ संपली तरी चौकातून हलेना, तेव्हा हे शिट्टी मारत आत घुसले. कार्यकर्ते क्षणात गल्ल्यांतून पांगले. मंडळाचा अध्यक्ष म्हणे मगाशीच जेवायला गेला होता. चौकात उरले दोघेच, एक ट्रॅक्टरवरचा गणपती आणि एक आवळे, आपल्या भावासह. गळ्यात घुमकं अडकवून माणूस पळणार किती? साहेबांनी वाद्यं जप्त केली.

मी हे सगळं ऐकलं आणि मला बोरकुट्यांची नव्हे, माझ्या घरची काळजी पडली.

घरी मालन होती. माझी बायको. तिला जाऊन आता वर्ष होत आलं, आणि तिच्याबद्दल लिहायचं म्हटलं की मला हाच दिवस आठवतो.

मालनच्या माहेरी जत्रेला हलगी घरासमोरून जायची, आणि तिचे वडील लेकींना आत ठेवून दाराला कडी घालायचे. पोरीबाळींनी हलगीपुढे पाय हलवायचा नाही. मग ही स्वयंपाकघरात चुलीपुढे नाचायची. लग्न होऊन पोलीस लाईनीत आली, तर इथे पोलिसाच्या बायकोनं रस्त्यात नाचायचं नाही, असं लाईनीनं ठरवलेलं. दरवर्षी ती आरतीचं ताट घेऊन मिरवणुकीत मागून चालायची, आणि ताटातली निरांजनं हलायची, कारण तिचे खांदे काही गप्प बसत नसत.

त्या वर्षी दिवाळीच्या आत मी निवृत्त होणार होतो. म्हणजे लाईनीतली खोली सोडायची, ठाण्याचा गणपती संपला. श्रावणातच तिनं मला सांगून टाकलं. "यंदा मी ताट धरणार नाही. यंदा मी हलगीपुढं नाचणार. आणि तुम्ही पण."

"मी?"

"मग काय मोठे साहेब?"

मी शब्द दिला. मग रोज संध्याकाळी तिनं मला स्वयंपाकघरात नाच शिकवायला घेतला. तोंडानं हलगी वाजवायची आणि माझ्या पायांकडे बघायची. तिच्या नाचात उजवा पाय आधी पडतो. माझा डावाच पडायचा. सगळा जन्म परेडमध्ये गेला, तिथे डावा पाय आधी, आणि तोही टाच आपटून. वरचे डबे हलायचे.

"अहो, झेंडावंदन आहे का," ती कपाळाला हात लावून म्हणायची. "उजवा. उजवा आधी. आणि जरा वाका की कमरेत. कुणी सलाम करायला आलेलं नाही."

गणपती बसले, गणपती उठले, तरी माझा डावाच पडत होता.

आता ती हलगी माझ्यासमोर पोत्यावर होती. ऊन चांगलं चढलं होतं. मी मधूनमधून उठून तिला फिरवून ठेवत होतो, कुंपणाबाहेरून आवळे हातानं खुणा करायचा तशी.

दुपारी जेवणं झाली आणि लाईनीतल्या बायका फाटकापाशी जमायला लागल्या. नवी लुगडी, डोक्यात फुलं. मालन हिरव्या लुगड्यात होती आणि तिनं अबोलीचा गजरा माळला होता. तिनं लांबून मला बघितलं, मग पोत्याकडे बघितलं, आणि हलगी दिसल्यावर तिचा चेहरा असा उजळला की मला मान खाली घालावी लागली. तिला वाटलं, सुटली.

तेवढ्यात मगदूम आला. दिलीप मगदूम, पोलीस नाईक. हुशार माणूस, हाताखाली असावा असा. नोकरीची दहा-बारा वर्षं झालेली, आणि सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे एक वाट तयार असे. त्यानं हलगीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काका, तुम्ही तर आधीच बाहेर काढून ठेवलीय. मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "मी आपला साहेबांना कशी गळ घालायची ते ठरवत बसलो होतो."

मी म्हणालो की वाळवायला ठेवलीय. तो हसला. त्याला वाटलं मी नेहमीसारखं बोलतोय, आपल्या पद्धतीनं. तो थेट आत गेला. आत काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. मगदूम म्हणाला, वाद्यं ठाण्यातच आहेत, वाजवणारा फाटकात आहे, मिरवणूक आपल्याच गणपतीची. तासाभराचा प्रश्न. तळ्यावर गणपती बुडवला की वाद्यं परत खोलीत, कुलूप, विषय संपला. कुणाला कळणार आणि कळलं तरी कोण बोलणार? मोठ्या साहेबांनी, तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून फोन उचलला. राहता राहिले बोरकुटे. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बायका, पोरं, गुलालाची पोती, सजवलेली पोलीस गाडी आणि तिच्यावर गणपती. सकाळपासून कुणी त्यांच्याशी धड बोललं नव्हतं.

ते बाहेर आले आणि म्हणाले, "ठीक आहे. घ्या. एका तासाचाच तर प्रश्न आहे."

मैदानात एकदम गलका झाला. कुणीतरी साहेबांच्या गालाला गुलाल लावला, आणि ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदाच आम्ही त्यांना हसताना बघितलं. मगदूमनं कुंपणाकडे हात केला. "आवळे, चल रे, आत ये."

आवळे धावतच आला. त्याच्या मागून त्याचा भाऊ.

"वाजीवतो की," आवळे म्हणाला. "का नाय वाजीवणार? आन् मग सायेब, न्यायची का मंग घरी?"

मगदूम म्हणाला, "घरी कशी नेशील? मुद्देमाल आहे तो. वाजवायची, परत ठेवायची."

"बरं," आवळे म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं नाही, नुसतं तिथेच थांबून राहिलं. दसऱ्यापर्यंतची त्याची सगळी कामं ठरलेली होती. त्यानं वाकून हलगीला हात घातला.

मी माझी काठी पोत्यावर आडवी ठेवली.

"हात लावू नको, तुळशीराम," मी म्हणालो.

मगदूमला वाटलं, मी चेष्टा करतोय. तोही वाकला. मी काठी हलवली नाही.

मी कसा माणूस होतो ते इथे सांगायला हवं. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी मी माझ्या सख्ख्या मेहुण्यावर खटला भरला होता. दिवेलागणीला तो सायकलवर डबलसीट चालला होता, दिवा नव्हता. मी शिट्टी मारून अडवला, नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, सगळं लिहून घेतलं. मागच्या कॅरिअरवर मालनच बसलेली होती. माहेरपण संपवून भावाबरोबर माझ्याच घरी येत होती. ती खाली उतरली, पिशवी घेतली आणि उरलेली वाट पायी चालत गेली. पुढे काही वर्षांनी मी खटला भरायचं सोडलं, नुसती चाकातली हवा सोडायचो. आणखी काही वर्षांनी नुसता ओरडायचो. आणि शेवटी शेवटी बिनदिव्याचा कुणी दिसला की म्हणायचो, बाबा, सावकाश जा. सगळ्या तालुक्याला हे ठाऊक होतं. खराडे हवालदार म्हणजे वाकडी वाट सरळ करून देणारा माणूस. त्यामुळे माझी काठी आडवी बघून सगळे हसायलाच लागले.

"काका," मगदूम म्हणाला, "सगळी नोकरी संपत आली, आणि आज कायदा आठवला?"

पुन्हा हशा. बोरकुटे पुढे आले. गालावर गुलाल तसाच.

"हवालदार, मी परवानगी दिलीय ना?"

"दिलीत साहेब. पण मला एक सांगा, ही हलगी आत्ता कुणाची?"

"जप्त आहे. कोर्टाच्या हुकमाशिवाय हलवता येत नाही."

"मग आपण कशी हलवायची?"

मगदूम म्हणाला की काका, एका तासानं काय बिघडतंय.

"काही बिघडत नाही," मी म्हणालो. "मग त्यालाच देऊन टाकू. घेऊन जाऊ दे घरी. तिथेही काही बिघडणार नाही."

"असं कसं देता येईल?"

"का? आपल्या नाचासाठी ती खोलीतनं निघते, मग त्याच्या पोटासाठी का निघत नाही?"

कुणी हसलं नाही. आवळे माझ्याकडे भीतीनं बघत होता. त्याला वाटलं असावं, हा म्हातारा माझं होतंय तेवढंही घालवतोय. "ऱ्हाऊ द्या हवालदारसाहेब," तो हळूच म्हणाला, "मी वाजीवतो की. मला चालतंय."

"तुला चालेल रे," मी म्हणालो. "तुला न चालून सांगतोस कुणाला."

मी फाटकाकडे बघायचं टाळत होतो, पण बघितलंच. बायका कुजबुजत होत्या. मालन माझ्याकडे एकटक बघत उभी होती. मग तिनं पाठ फिरवली आणि सरळ लाईनीकडे चालू लागली. हिरवं लुगडं कोपऱ्यावरून दिसेनासं झालं. मी मनात म्हणालो, झालं. कॅरिअरवरून उतरून चालत गेली होती, तशीच गेली.

बोरकुटे अजून तिथेच उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होतो आणि मला भीती वाटत होती. चिडतील याची नव्हे. मी खूप फौजदार बघितले होते. कुणीही पहिल्याच दिवशी पाकीट घेत नाही. सुरुवात तासाभराच्या प्रश्नापासून होते, आणि त्या दिवशी सगळे गुलाल लावतात.

त्यांनी गालावर हात फिरवला, हाताला लागलेल्या गुलालाकडे बघितलं. मग घड्याळ बघितलं.

"कोर्ट चालू असेल का आज?"

मी म्हणालो, चालू आहे.

"आवळे," ते म्हणाले. आदल्या दिवसापासून त्यांनी त्याला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली. "गाडीवर मागे बसता येतं ना?"

आणि ते गेले. अंगात वर्दी, गालाला गुलाल, मोटारसायकलच्या मागे तुळशीराम आवळे दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, आवळ्यानं आता आणखी काय केलं. त्याचा भाऊ कुंपणापाशी उभा राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होता. मग तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "हवालदार, धरून नेला का सोडवायला नेला?"

"बस उन्हात," मी म्हणालो. "मला पण बघायचंय."

आता पंचाईत अशी की मोठ्या साहेबांनी निरोप धाडला, गणपती अंधार पडायच्या आत तळ्यावर पोहोचला पाहिजे. गाडी सजलेली, माणसं उभी, आणि वाजवायला काही नाही. मगदूम माझ्याशी बोलत नव्हता. बाकीचे माझ्याकडे न बघता माझ्याबद्दल बोलत होते. कोणीतरी म्हणालं की मयतीला तरी हलगी असते.

आणि मग मालन परत आली. उजव्या हातात उलथनं, डाव्या हातात आमच्या घरातली पितळी परात. पाठोपाठ लाईनीतल्या चार-पाच बायका, कुणाकडे ताट, कुणाकडे डबा. गजरा डोक्यात तसाच होता.

ती माझ्याकडे आलीच नाही. सरळ मगदूमपुढे जाऊन उभी राहिली.

"दिलीप भाऊजी, दंग्याच्या वेळी ती वेताची ढाल घेऊन उभे राहता ना तुम्ही?"

"हो वहिनी."

"ती वाजते का?"

मगदूम आत गेला आणि ढाल घेऊन आला. काठीनं ढालीवर एक टोला दिला. आवाज काही फार बरा नव्हता, पण आवाज होता. दुसऱ्या शिपायानं दुसरी ढाल आणली. कुणी हेल्मेट आणलं. वाहतुकीच्या जाधवनं शिट्टी काढली आणि तालावर फुंकली. चतुर्दशीला लोकांना थांबवायला वाजलेली शिट्टी आता लोकांना नाचवायला वाजली. पोरं तर वेडी झाली.

"सरकारी मालमत्ता आहे बरं का," मी मगदूमला म्हणालो.

"काका," तो म्हणाला, "आता गप्प बसा." पण हसला.

मुद्देमाल माझ्या ताब्यातला, त्यामुळे मला मिरवणुकीत जाता येईना. मी खुर्चीवर, हलगी पोत्यावर. आवळ्याचा भाऊ शेजारी. आमच्यासमोरून मिरवणूक फाटकाबाहेर पडली, ढाली, काठ्या, परात, शिट्टी. मालन परात बडवत चालली होती. माझ्याजवळून जाताना तिनं एकदा फक्त बघितलं. राग आहे की नाही ते काही मला कळलं नाही.

आवाज दूर गेला. ऊन कलायला लागलं. मी हलगी परत आत ठेवायच्या विचारात होतो, तेवढ्यात मोटारसायकल आत आली. आवळे गाडी थांबायच्या आधीच खाली उतरला होता. बोरकुट्यांनी खिशातून कोर्टाचा हुकूम काढून माझ्या हातात दिला. न्यायाधीशांनी विचारलं होतं, पोलिसांचं काय म्हणणं आहे. बोरकुट्यांनी सांगितलं होतं की वेळ मोडली ती मंडळानं, परवानगी अध्यक्षाच्या नावाची आहे, खटला त्याच्यावर भरतो, ही माणसं रोजगारावर आलेली होती आणि तपासाला त्यांच्या वाद्यांची गरज नाही.

मी पोत्यावरून काठी उचलली. "घे, तुळशीराम. आता ती तुझी."

त्यानं हलगी उचलली, कानाशी नेली, बोटानं टिचकी मारली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तापलीया. आयती तापलीया, शेकायचं काम न्हाय."

मी त्याला सांगितलं की तू आता घरी जा, सकाळपासून उपाशी आहेस, आमची मिरवणूक निघून गेलीय. त्यानं भावाकडे बघितलं. भाऊ घुमकं गळ्यात अडकवतच होता.

"काय हवालदार," आवळे म्हणाला. "सुपारी घेतलीया न्हवं?"

बोरकुट्यांनी जीप काढायला लावली. तळ्याच्या रस्त्यावर, गिरणीच्या वळणावर आम्ही मिरवणूक गाठली. ढाली बडवून बडवून सगळ्यांचे हात दुखायला आले होते आणि शिट्टीवाल्या जाधवचा दम गेला होता. मागून हलगीचा पहिला ठोका पडला.

मी अनेक मिरवणुका बघितल्या आहेत, दोरीच्या या बाजूनं. पण एका ठोक्यावर अख्खी मिरवणूक मागे वळलेली त्या एकाच दिवशी बघितली. मगदूमनं ढाल डोक्यावर धरली आणि ओरडत आवळ्याकडे धावला. बोरकुट्यांना चार जणांनी ओढून मध्ये घेतलं. त्यांना नाचता येत नव्हतं, अजिबात येत नव्हतं, पण ते थांबायला तयार नव्हते. मालननं परात शेजारणीच्या हातात दिली. पदर कमरेला खोचला. ती हलगीपुढे गेली आणि लाईनीतल्या बायकांनी आपोआप जागा केली.

ती नाचली. एवढंच सांगतो. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे दुखायचे, जिना चढताना मध्ये थांबायची. आवळे तिच्यापुढे वाकून वाजवत होता, ती मागे सरली की तो पुढे, ती पुढे आली की तो मागे. मग तिनं माझ्याकडे हात केला.

मी गेलो. डावा पाय पडला, टाच आपटून.

"झेंडावंदन," ती सगळ्यांसमोर म्हणाली, आणि अख्खं ठाणं हसलं, मोठे साहेबसुद्धा.

रात्री घरी आल्यावर ती पायऱ्यांवर बसली, गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून. मी तिच्याजवळ बसलो. मग मी विचारलं, दुपारी पाठ फिरवून गेलीस, रागावली होतीस ना?

"परात आणायला गेले होते," ती म्हणाली. "तुम्ही काठी आडवी टाकलीत तेव्हाच कळलं मला, आता ही काही उचलायची नाही. म्हटलं, दुसरं काहीतरी बघावं."

"आणि मी उचलली असती तर?"

तिनं पाय पाण्यात हलवले.

"मग मी नाचलेच नसते. त्या माणसाला वाजवायला लावून परत कुलूप घालणार होता तुम्ही लोक. त्याच्यापुढं पाय उचलला असता का माझा?" तिनं गजऱ्याला हात लावला. "पण गजरा मी काढला नव्हता. तुम्ही हलगी तशी देणार नाही ते मला माहीत होतं. कॅरिअरवरनं उतरवलंत त्या दिवसापासनं माहीत होतं."

"त्या दिवशी तू महिनाभर बोलली नव्हतीस."

"मग? दिवा नव्हता हे खरं, पण माझा भाऊ होता तो," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं हसलो.

मालन गेल्या वर्षी पितृपक्षाच्या तोंडावर गेली. मी आता गावातच, तळ्याच्या रस्त्याला घर आहे, तिथे राहतो. बोरकुटे कुठे कुठे बदलून गेले, आता मोठे अधिकारी आहेत. चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन येतो. "काका, आपला गणपती निघाला का?" एवढंच विचारतात. यंदाही आला.

यंदा मी खिडकी लावून बसलो होतो. दुपारी हलगी ऐकू आली. तुळशीराम आता थकला, त्याचा मुलगा वाजवतो. हलगी घरासमोर आली आणि थांबली, पुढे जाईना. खालून कुणीतरी हाक मारली. मी चपला घातल्या आणि खाली गेलो. त्यांनी जागा केली.

मी उजवा पाय आधी टाकला.